ओत्रांतोच्या कॅथिड्रलमधल्या कवट्या: चर्च हुतात्मा कोणाला म्हणतं, आणि ते कसं ठरतं?

११ फेब्रुवारी २०१३ रोजी व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांची, म्हणजे पोपखालोखालच्या धर्मगुरूंची, एक बैठक होती. विषय आधीच ठरलेला होता: संतपदाच्या तीन प्रकरणांसाठी तारीख मुक्रर करणं. तारीख ठरली, १२ मे. त्यानंतर पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लॅटिनमध्ये स्वतःचा राजीनामा वाचून दाखवला. अर्थातच जगभर बातमी झाली ती राजीनाम्याची. बैठक ज्यासाठी बोलावली होती, ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

ठरल्याप्रमाणे १२ मे रोजी नवे पोप फ्रान्सिस यांनी ते तिन्ही निर्णय जाहीर केले. त्यातल्या एकाच प्रकरणात आठशेहून जास्त माणसं होती, सगळी इटलीतल्या ओत्रांतो या किनाऱ्यावरच्या गावची, आणि सगळी १४८० मध्ये एकाच दिवशी मारली गेलेली. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस गेले तेव्हा त्यांच्या कारकिर्दीत नऊशेहून अधिक संत घोषित झाले असं वाचायला मिळालं. त्या आकड्याचं रहस्य या एका गावात आहे.

आज ओत्रांतोच्या कॅथिड्रलमध्ये गेलं की वेदीच्या उजव्या बाजूच्या दालनात काचेची उंच कपाटं दिसतात आणि त्यांत शेकडो कवट्या रचून ठेवलेल्या दिसतात. फोटो पाहून अनेकांना पहिल्यांदा अंगावर काटा येतो आणि मग प्रश्न पडतात. ही माणसं कोण? ती संत कशी झाली? त्यांची हाडं अशी मांडून का ठेवली आहेत? आणि ही सगळी गोष्ट एका धर्माला दुसऱ्याविरुद्ध उभं करण्यासाठी तर नाही ना? प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं नीट द्यायची तर आधी गाव पाहायला हवं.

गाव कुठे आहे?

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाच्या टाचेचा पार पूर्वेकडचा कोपरा म्हणजे ओत्रांतो. पुलिया प्रांत, लेच्चे जिल्हा, वस्ती जेमतेम पाच-सहा हजार. समोर समुद्राची चिंचोळी पट्टी, सुमारे ७० किलोमीटर, आणि पलीकडे अल्बानिया. ही जागा लक्षात ठेवा. पुढे जे घडलं त्याचं निम्मं कारण या भूगोलात आहे.

कॅथिड्रल म्हणजे बिशप किंवा आर्चबिशप यांचं मुख्य चर्च. ओत्रांतोचं कॅथिड्रल १०८८ मध्ये अर्पण झालं. नॉर्मन राज्यकर्ते तेव्हा नुकतेच इथे स्थिरावले होते आणि त्याआधी शतकानुशतकं हा मुलूख कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक साम्राज्याचा होता. त्यामुळे इथे लॅटिन आणि ग्रीक दोन्ही वळणांची वस्ती, दोन्ही पद्धतींची उपासना. समुद्रातून व्यापारी येत, यात्रेकरू येत, आणि फौजाही येत.

चर्चची जमीन हा एक वेगळाच खजिना आहे. ११६३ ते ११६५ या काळात पांतालेओने नावाच्या मठवासीयाने आर्चबिशप जोनाता यांच्या सांगण्यावरून अख्ख्या सभागृहाची जमीन रंगीत दगडी तुकड्यांच्या चित्रांनी भरून काढली. दारातून आत पाय टाकला की समोर एक प्रचंड वृक्ष आडवा पसरलेला दिसतो, आणि तो वृक्ष दोन हत्तींच्या पाठीवर उभा आहे. वर फांद्याफांद्यांत नोहाचं तारू, बाबेलचा बुरूज, गरुडसिंहांनी आकाशात उचललेला अलेक्झांडर, बोकडासारख्या जनावरावर बसलेला राजा आर्थर. मधल्या भागात बारा महिन्यांची बारा वर्तुळं आहेत. प्रत्येकात त्या महिन्याची रास आणि त्या महिन्याचं काम: कुठे शेकोटीपाशी बसलेला माणूस, कुठे कापणी, कुठे द्राक्षं तुडवणं. मला ही वर्तुळं सर्वांत जवळची वाटतात, कारण काचेमागची माणसं हेच काम करणारी होती. रविवारी ती याच जमिनीवर उभी राहत.

१४८० साली झालं काय?

१४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांचा सुलतान मेहमेद दुसरा याने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. पुढच्या सत्तावीस वर्षांत त्याचं राज्य बाल्कन पार करून अल्बानियाच्या किनाऱ्यापर्यंत आलं. ओत्रांतो मग समोरच होतं.

इटली हा तेव्हा एक देश नव्हता. नेपल्सचं राज्य, पोपचं राज्य, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, सगळे एकमेकांच्या उरावर. ओत्रांतो नेपल्सच्या राजा फेरांतेच्या ताब्यात होतं, आणि फेरांतेचा मुलगा अल्फोन्सो फौज घेऊन दूर तोस्कानात अडकला होता. व्हेनिसने १४७९ मध्येच सुलतानाशी तह केला होता. थोडक्यात, गावाच्या मदतीला येणारं जवळ कोणी नव्हतं.

जुलै १४८० च्या अखेरीस सुलतानाचा सेनापती गेदिक अहमद पाशा याचं आरमार किनाऱ्याला लागलं. शरण येण्याचा निरोप आला, गावाने नाकारला. पगारी शिपायांपैकी बरेच रात्रीतून पळून गेले आणि तटावर उरले ते गावकरी. तोफांपुढे त्यांनी सुमारे दोन आठवडे दम धरला. ११ ऑगस्टला तट फुटला. म्हातारे आर्चबिशप स्तेफानो यांना कॅथिड्रलमध्येच मारण्यात आलं. १४ ऑगस्टला, पकडलेल्या पुरुषांपैकी सुमारे आठशे जणांना गावाबाहेरच्या मिनर्व्हा टेकडीवर नेऊन त्यांची डोकी उडवली. बायका-मुलांना गुलाम म्हणून नेलं.

परंपरा सांगते की या पुरुषांना धर्म बदलण्याची अट घातली होती: इस्लाम स्वीकारा, जीव वाचेल. अँतोनियो प्रिमाल्दो नावाचा कापडाचं काम करणारा एक वयस्क कारागीर, बरेच जण त्याला शिंपी म्हणतात, पुढे झाला आणि त्याने सगळ्यांच्या वतीने नकार दिला. म्हणून पहिला वार त्याच्यावर. शेवटचा माणूस पडेपर्यंत त्याचं धड उभंच राहिलं, अशी कथा गावात आजही सांगतात. ती श्रद्धेची कथा आहे, तिला तसंच ऐकावं.

मृतदेह वर्षभराहून जास्त काळ टेकडीवरच पडून होते. मे १४८१ मध्ये सुलतान मेहमेद वारला, गादीवरून भांडण लागलं, आणि सप्टेंबर १४८१ मध्ये अल्फोन्सोने गाव परत घेतलं. तेव्हा कुठे अवशेष गोळा झाले. बरेचसे कॅथिड्रलमध्ये आले, काही अल्फोन्सोने नेपल्सला नेले.

हुतात्मा ठरवायचे चर्चचे निकष

आपल्याकडे हुतात्मा म्हटलं की देशासाठी किंवा चळवळीसाठी प्राण दिलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. कॅथलिक चर्चचा अर्थ याहून अरुंद आहे. ख्रिस्ती मराठीत 'रक्तसाक्षी' असंही म्हणतात. त्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. एक, त्या माणसाला खरोखर ठार मारलं गेलं. दोन, मरण समोर दिसत असताना त्याने ते श्रद्धेपायी स्वीकारलं, म्हणजे सुटकेची वाट असूनही श्रद्धा सोडली नाही. तीन, मारणाऱ्याच्या मनात त्या श्रद्धेविषयी द्वेष होता.

इथे दोन गोष्टी सुटतात. पहिली, लढताना मेलेला सैनिक या अर्थाने हुतात्मा ठरत नाही, मग तो कितीही शूर असो. ओत्रांतोच्या तटावर ११ ऑगस्टपर्यंत लढून मेलेले लोक संतांच्या यादीत नाहीत. यादी आहे ती १४ ऑगस्टची, जेव्हा हातात शस्त्र उरलं नव्हतं. दुसरी, त्या माणसाचं आधीचं आयुष्य निर्दोष असावं अशी अट नाही. या आठशेंत भांडखोर असतील, कर्जबुडवे असतील, चर्चला कधीमधी येणारे असतील. पाहिला जातो तो शेवटचा निर्णय.

संतपदाच्या दोन पायऱ्या असतात. आधी 'धन्यवादित' ही पदवी, मग 'संत'. एरवी दोन्ही पायऱ्यांना एकेक चमत्कार लागतो. चमत्कार म्हणजे बहुधा असा आजार बरा होणं, ज्याचा डॉक्टरांना खुलासा देता येत नाही. हुतात्म्यांना पहिल्या पायरीसाठी चमत्काराची गरज नसते, मरण हाच पुरावा मानतात.

मग ५३३ वर्षं का लागली?

चर्चला या माणसांची आठवण २०१३ मध्ये झाली असा याचा अर्थ नाही. ओत्रांतोचे लोक १४८१ पासूनच त्यांना मानत होते, १४ ऑगस्टला त्यांचा सण करत होते. १५३९ मध्ये साक्षी नोंदवल्या गेल्या. तेव्हा १४८० चा हल्ला प्रत्यक्ष पाहिलेले काही म्हातारे हयात होते. १७७१ मध्ये पोप क्लेमेंट चौदावे यांनी त्यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली. गावाने पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली पायवाट तलाठ्याच्या नकाशावर फार उशिरा चढते, तसंच हे झालं. वाट होतीच, शिक्का नंतर बसला.

पुढे गाडी बराच काळ तिथेच थांबली. २००७ मध्ये बेनेडिक्ट यांच्या परवानगीने नवा निर्णय आला की हे मृत्यू श्रद्धेच्या द्वेषातूनच झाले. ओत्रांतोतल्या एका संन्यासिनीचा कर्करोग या हुतात्म्यांच्या मध्यस्थीने बरा झाला असं चर्चने डिसेंबर २०१२ मध्ये मान्य केलं. संतपदासाठी लागणारा चमत्कार तो. दोनच महिन्यांनी ती फेब्रुवारीची बैठक भरली.

अधिकृत उल्लेख 'अँतोनियो प्रिमाल्दो आणि सोबती' असा आहे. एकूण ८१३ जण, आणि या नोंदीत नावाने फक्त एक. बाकीच्यांचा व्यवसाय, वय, घर, काहीच तिथे लिहिलेलं नाही.

पण ते धर्मासाठीच मेले हे कशावरून?

हा आक्षेप इतिहासकारांचा आहे आणि तो टाळता येणार नाही. त्यांचं म्हणणं असं. १४८० च्या आसपासच्या पत्रांत आणि राजदूतांच्या अहवालांत कत्तलीचा उल्लेख आहे, पण धर्म बदलण्याच्या अटीचं सविस्तर वर्णन मुख्यतः नंतरच्या लिखाणात येतं. शिवाय त्या काळच्या युद्धाचा एक निष्ठुर रिवाज होता: शरण आलेलं गाव वाचतं, लढलेलं गाव पडलं की पुरुष मारले जातात आणि बाकीचे विकले जातात. हा रिवाज ऑटोमनांपुरता नव्हता, ख्रिस्ती फौजाही तो पाळत. मग ओत्रांतोची कत्तल ही श्रद्धेची शिक्षा होती, की प्रतिकाराची?

चर्चच्या बाजूने उत्तर असं की १५३९ च्या साक्षी ऐकीव नव्हत्या, त्या तिथे हजर असलेल्या माणसांच्या होत्या. आणि मारणाऱ्याचे हेतू मिश्र असले तरी चालतात. राजकारण, सूड, लूट हे सगळं असूनही समोरच्याला 'श्रद्धा सोड, वाचशील' असं सांगितलं गेलं असेल आणि त्याने नाही म्हटलं असेल, तर तो नकार खरा ठरतो.

माझं मत विचाराल तर साठ वर्षांनंतरच्या साक्षींत आठवण आणि भक्ती एकमेकांत मिसळलेली असणारच, त्यामुळे टेकडीवरचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा बोलला गेला असं मी मानत नाही. पण जगण्याची वाट समोर ठेवली गेली आणि बहुतेकांनी ती घेतली नाही, एवढा गाभा मला विश्वासार्ह वाटतो. इतिहासकाराचं काम आणि चर्चचं काम वेगळं आहे हेही इथे ध्यानात ठेवायला हवं. संतपद म्हणजे श्रद्धावंतांना दिलेली ग्वाही आहे की ही माणसं देवाजवळ आहेत. ते इतिहासाचं प्रमाणपत्र नव्हे.

हाडं काचेत का ठेवायची?

दालनात उभं राहून पाहिलं तर मांडणीतली काळजी दिसते. कवट्या ओळीने, तोंडं आपल्याकडे. मधल्या जागेत हातापायांची लांब हाडं दाटीने बसवलेली. रंग जुन्या हस्तिदंतासारखा, पण प्रत्येकाचा वेगळा, एखादी जवळजवळ पांढरी, एखादी मधाळ तपकिरी. काही अगदी लहान वाटतात. मारलेल्यांत पंधरा वर्षांवरचे सगळे होते, असं परंपरा सांगते. वेदीजवळ एक दगड आहे, शिरच्छेद त्याच्यावर झाला असं मानतात.

ख्रिस्ती श्रद्धेत शरीर ही टाकून द्यायची वस्तू नाही. मेलेली माणसं एक दिवस शरीरासह उठणार, अशी ती श्रद्धा आहे. त्यामुळे पहिल्या शतकांपासून हुतात्म्यांच्या थडग्यांवर मिस्साबली, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, होत आला आणि वेदीत त्यांचे अवशेष ठेवायची रीत पडली. गोवेकरांना हे सांगायची गरज नाही. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव दर दहा वर्षांनी दर्शनाला ठेवतात, गेल्या वेळी नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये ठेवलं होतं, आणि तिथे रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात.

इथे पूजा हाडांची होत नाही. चर्चच्या शिकवणीप्रमाणे आराधना फक्त देवाची, संतांचा आदर. व्यवहारात ही रेघ पुसट होते हे खरं, पण ती आहे.

हे मुसलमानांविरुद्ध नाही का?

२०१३ मध्ये हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्या दिवशीच्या प्रवचनात फ्रान्सिस यांनी आजही हिंसा सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना केली आणि त्यांना वाईटाला चांगल्याने उत्तर देण्याचं बळ मिळो असं मागितलं. त्याआधी, १९८० मध्ये, पाचशे वर्षं पूर्ण झाली म्हणून पोप जॉन पॉल दुसरे ओत्रांतोला आले होते. तेव्हा पलीकडच्या अल्बानियात नास्तिक कम्युनिस्ट राजवट होती, सगळ्याच धर्मांवर बंदी होती. त्यांनी तिथल्या छळल्या जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांची आठवण काढली.

तरीही या गोष्टीचा कोणी हत्यारासारखा वापर करू शकतं, आणि केलाही आहे. त्यावर उपाय गोष्ट दडवणं हा नाही. ती पूर्ण सांगावी. यासाठी मला गोव्यातली कुंकळ्ळी आठवते, आणि हा दुवा ओढूनताणून आणलेला नाही.

ओत्रांतो परत मिळवायच्या लढाईत १४८१ मध्ये जुलियो अँतोनियो आक्वाविवा हा सरदार तुर्कांशी लढताना मारला गेला. त्याच आक्वाविवा घराण्यात पुढे रुडॉल्फ जन्माला आला. तो जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू झाला, अकबराच्या दरबारात फत्तेपूर सिक्रीला राहिला, आणि मग गोव्यात साष्टीला आला. तिथे पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती, लोक संतापलेले होते. जुलै १५८३ मध्ये रुडॉल्फ आणि त्याचे सोबती चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीत गेले असताना गावकऱ्यांनी त्यांना मारलं. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून ठार केलं. १८९३ मध्ये चर्चने रुडॉल्फ आणि सोबत्यांना धन्यवादित घोषित केलं. कुंकळ्ळीत आज त्या गावकरांचंही स्मारक आहे.

दोन्ही बाजूंना आपापले हुतात्मे आहेत आणि दोन्ही बाजूंचं दुःख खरं आहे. चर्च रुडॉल्फला मान देतं तो त्याच्या मरणासाठी. त्यामुळे पोर्तुगीज सत्तेने केलेलं सगळं माफ होत नाही. ओत्रांतोतही तोच हिशेब लावावा लागतो: प्रिमाल्दोला मान दिल्याने पाशाच्या शिपायांच्या वंशजांवर कसलाही दोष येत नाही.

ज्यांच्यासाठी कपाट नाही

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खुपतं ते हे. आठशे पुरुष टेकडीवर गेले, त्यांच्या बायका, मुली, लहान मुलगे जहाजांत भरले गेले. त्यांतल्या किती जणांनी श्रद्धा सोडली, किती जणांनी मनात जपली, कुणाला कुठे विकलं, काही कळायला मार्ग नाही. निकष मरणाचे आहेत आणि या बायका जगल्या, म्हणून त्या यादीबाहेर राहिल्या. निकषांचा दोष काढता येत नाही, पण ओत्रांतोची गोष्ट सांगताना फक्त टेकडी सांगून थांबणं मला अपुरं वाटतं. वसईच्या गोन्सालो गार्सियाला नागासाकीत १५९७ मध्ये क्रूसावर मारलं, तेव्हाच्या सव्वीसही जणांची नावं आपल्याकडे आहेत. ओत्रांतोच्या बायकांचं एकही नाव सहसा कोणी घेत नाही.

जायचं असेल तर

लेच्चेहून छोट्या रेल्वेने, बहुधा माल्येला गाडी बदलून, ओत्रांतोला जाता येतं. विमानाने जवळचा तळ ब्रिंदिसी. कॅथिड्रल जुन्या तटबंदीच्या आत आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. हे वापरातलं चर्च आहे: मिस्साच्या वेळी हिंडू नये, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, दुपारी दार बंद असू शकतं.

क्रम माझा असा असेल. आधी जमीन सावकाश पाहा, हत्तींपासून सुरू करून वृक्षाच्या शेंड्यापर्यंत. मग खाली तळघरातलं चर्च, चाळीसहून अधिक खांबांचं, जिथे एका खांबाचा माथा दुसऱ्यासारखा नाही. हुतात्म्यांचं दालन त्यानंतर, म्हणजे ती माणसं कुठल्या गावातली होती ते तोवर डोळ्यांत बसलेलं असतं. फोटो काढायचा तर प्रार्थना करणाऱ्यांच्या पाठीमागून, फ्लॅश न लावता. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा की आत खऱ्या माणसांच्या कवट्या आहेत. शेवटी तटाबाहेर मिनर्व्हा टेकडीवर पायऱ्या चढून जा, तिथे हुतात्म्यांच्या नावाचं छोटं चर्च आहे.

१४ ऑगस्टच्या सणाला गावात मिरवणूक असते, पण १५ ऑगस्ट ही इटलीची मोठी उन्हाळी सुट्टी असल्याने खोल्या मिळणं अवघड आणि महाग जातं. सण पाहायचा असेल तर खोली बऱ्याच महिन्यांआधी ठरवावी. नाहीतर मे किंवा ऑक्टोबर बरा.